धानाच्या भावाने सोनं

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याने माझं सगळं सोनं धानाच्या भावाने विकलं.

हे वाक्य मी आजवर पन्नास वेळा सांगितलं असेल, शांतपणे एकदाही नाही. 'सगळं सोनं' म्हणजे चार पाटल्या. लग्नात आईने माझ्या हातात घातलेल्या, चांगल्या जाडजूड. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा धानाची शेती करतो, आणि त्या वर्षी आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच भांडण चालू होतं. मधुकररावांना (एरवी मी नुसतं 'अहो' म्हणते, राग आला की नावाला 'राव' लागतो) प्लॉट घ्यायचा होता.

तिरोड्याला विजेचा मोठा कारखाना येणार म्हणून अख्ख्या तालुक्याच्याच अंगात आलं होतं. काल ज्या बांधीत धान कापला, तिथे आज चुन्याच्या रेषा! चार दगड रोवायचे, त्यांच्यावर लाल रंगाने आकडे टाकायचे, रस्त्याला एक कमान उभी करायची, की झाली 'नगरी'. नळ नाही, नाली नाही, पण नगरी!

"जमीन वाढते, सुनंदा," नवरा सांगायचा. "सोनं पेटीत पडून राह्यते. काय कामाचं?"

"मंग पडून राहू द्या ना! तुमाले काय टोचून राहिलं?"

"चार पाटल्या मोडल्या तं रोडटच प्लॉट होते. दहा वर्षांत राजा माणूस!"

"माह्या मायच्या पाटल्यांवर तुमाले राजा व्हायचं आहे?"

मग दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पुन्हा प्लॉट.

एका आठवड्यात त्याने मला तीनदा विचारलं, "कपाटाची किल्ली कोठी ठेवली वो?" (एकदा तर म्हणाला, रुमाल पाहिजे. रुमाल कपाटात? आमच्या घरात रुमाल खुंटीवर असतो, हे गुरांनाही माहीत आहे!) तेव्हा मी ठरवलं, आता पाटल्या घरात अशा जागी ठेवायच्या की ब्रह्मदेवालाही सापडू नयेत.

माझी अक्कल पाहा. पुढच्या हंगामासाठी काढून ठेवलेलं बियाण्याच्या धानाचं पोतं. शेतकरी एक वेळ घर विकेल, बियाणं विकणार नाही! मी पाटल्या तुपाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा पोत्यात कोपरभर खोल खुपसला, पोत्याचं तोंड जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठाने बांधलं आणि महिनाभर निवांत झोपले. कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच, सासूबाईंनाही नाही. इतकी हुशार बाई पंचक्रोशीत दुसरी नसेल, असं माझं मत होतं.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी दुपारी शाळेतून घरी आले तर पडवी मोकळी! झाडून स्वच्छ. नवरा नवीन शर्ट घालून चहा पीत बसलेला.

"पोते कोठी गेले?"

"इकले. राइस मिलचा ट्रॅक्टर आला होता."

"बियाण्याचं पोतं?"

"तेही देऊन टाकलो. आजकाल नवीन बियाणं भेटते दुकानात, घरचं कायले ठेवाचं?" मग आवाज जरा मऊ करून, "आयक, रागावू नको. प्लॉटचा बयाणा देऊन आलो, सौदा पक्का."

मी काय बोलले ते इथे छापता येणार नाही. शेजारच्या अंगणातली कोंबडी मात्र उडून छपरावर गेली, एवढं आठवतं.

"डबा होता त्यात!" मी ओरडले. "पाटल्यांचा डबा!"

नवऱ्याच्या हातातली बशी तिरपी झाली. "धानात? पाटल्या? पोत्यात सोनं कोण ठेवते गा!"

"ज्या घरात नवराच चोर आहे, त्या घरातली बाई ठेवते!"

"मी चोर? अना मले न सांगता लपवणारी कोण?"

सासूबाई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या. मला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही.

मोटरसायकल काढली. मिल अठरा किलोमीटरवर. मी मागे बसून त्याच्या डाव्या कानात सलग अठरा किलोमीटर भांडले. अर्ध्या वाटेत गाडीचा वेग एकदम कमी झाला. मला वाटलं, पेट्रोल संपलं.

"तो पाहा," नवरा बोट दाखवून म्हणाला, "तो कोपऱ्यावरचा. तो आपला प्लॉट."

कोपऱ्यावर एक दगड होता आणि दगडावर एक बकरी उभी होती.

"गाडी चालवा!!" माझा आवाज त्या बकरीनेही ऐकला. ती खाली उतरली.

मिलमध्ये पोत्यांचा डोंगर. मुनीमजी खुर्चीत बसून वहीत काहीतरी लिहीत होते. मी डबा, पाटल्या, आई, नवरा, प्लॉट असं सगळं एका दमात सांगितलं.

"मॅडमजी," ते म्हणाले, "यहाँ चार सौ कट्टे पड़े हैं. सबका पेट एक जैसा है. कौनसा आपका?"

"हिरवा काठ बांधलेला!"

मग मी शाळेची साडी कमरेला खोचली आणि डोंगरावर चढले. नवरा दुसऱ्या बाजूने चढला. धानाचं कुसळ अंगाला लागलं की काय खाज सुटते, ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं. एका हाताने खाजवत, दुसऱ्याने पोती लोटत आम्ही दोन तास भांडत होतो. हमाल बाया हात थांबवून बघत बसल्या. एक म्हणाली, "मास्तरीणबाई हाये ना वो ती? माह्या पोराले शिकवते!" दुसरी म्हणाली, "तरीच तो तसा."

शेवटी हिरवा काठ दिसला! मी पोत्यावर झडप घातली, गाठ दातांनी सोडली, सगळा धान फरशीवर ओतला. धान निघाला. काडी-कचरा निघाला. खालच्या कोपऱ्याला उंदरांनी पाडलेलं मुठीएवढं भोक निघालं. डबा नाही.

माझं डोकं फिरलं. मी मुनीमजींकडे वळले आणि साऱ्या मिलसमोर म्हणाले, "तुमच्या माणसांनी काढला! पोतं उतरवताना काढला! बोलवा पोलीस!"

मुनीमजी पहिल्यांदा खुर्चीतून उठले. "चोर बोला मेरे को? तीस साल से बैठा हूँ यहाँ! आपके घर का चूहा पकड़ो पहले!"

हमाल बायाही उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पोती ओढायचे लोखंडी आकडे होते. नवऱ्याने मला दंडाला धरून बाहेर ओढलं, मुनीमजींना हात जोडले, गाडी सुरू केली. परतताना मी एक शब्द बोलले नाही. नवऱ्याला त्याचीच जास्त भीती वाटली असावी. प्लॉटजवळून जाताना त्याने मान दुसऱ्या बाजूला फिरवून धरली होती.

घरी आलो. सासूबाई ओसरीवरच. डाळ निवडून झाली होती.

"भेटला काय तुपाचा डबा?" त्यांनी विचारलं.

मी तर नुसतं 'पाटल्यांचा डबा' म्हणाले होते; तो तुपाचा, हे यांना कसं कळलं?

"आई," नवरा म्हणाला, "तुले कसं माहीत?"

"उंदरानं पोतं कुरतडलं होतं. भोकातून चकचक दिसलं. मी डबा काढून ठेवला."

"मंग आमी जात होतो तेव्हा सांगतलं काऊन नाही?" मी किंचाळले.

"मले कोणी इचारलं?" सासूबाईंचा आवाज तोवर कधी एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. "तू सोनं लपवते, मले सांगत नाही. हा तिरोड्याले घर बांधाले निघाला, मले इचारत नाही. मी काय या घरातली खाट आहे? जा म्हटलं, जाऊ द्या दोघांले. पोते उपसा!"

माझा राग जरा खाली बसला. पण एकच क्षण.

"कोठी ठेवला डबा?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"कोठ्यात. गव्हाणीजवळ पुरला."

कोठा म्हणजे आमचा गुरांचा गोठा. आणि त्या कोठ्याला संक्रांतीनंतर मधुकररावांनी स्वतःच्या हाताने सिमेंटची फरशी घातली होती! गवंडी न लावता. सगळ्या गावाला बोलावून दाखवली होती. 'शंभर वर्षं हलणार नाही' म्हणाले होते.

"हे फरशी घालत होते, तेव्हा तरी सांगायचं ना आई!" मी म्हणाले.

"सोन्यावर सिमेंट पडलं, तं चांगलंच झालं म्हटलं. तुमा दोघांचाही हात पोचत नाही!"

लोखंडी सब्बल आणली. नवऱ्याने पहिला घाव घातला. फरशीला ओरखडा आला. दुसरा घाव, तिसरा घाव. माणसाने आयुष्यात एकच काम नीट केलं होतं, आणि तेच नेमकं! बैल दोर ताणून हंबरत होते. नवरा घामाघूम होऊन प्रत्येक घावाला मला शिव्या देत होता, मी त्याला देत होते, सासूबाई दारात उभ्या राहून दोघांना देत होत्या. आवाज ऐकून शेजारीण डोकावली. तासाभराने डबा हाताला लागला, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

"हंडा निघाला गा!" कोणीतरी बाहेर ओरडलं. "मास्तरीणबाईच्या कोठ्यात हंडा निघाला!"

पावभर तुपाचा डबा तो! पण तो वेशीपर्यंत जाईतो हंडा झाला, आणि पोलीस पाटलांच्या घरी पोचला तेव्हा सात हंडे झाले होते. पाटील टोपी घालून आले.

"जमिनीत निघालेलं गुप्तधन सरकारचं असते," ते म्हणाले. "डबा इकडे द्या."

"माझा डबा आहे! नाव पाहा!" डब्यावर मशीनने कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. सुनंदा हिस मामाकडून'.

पाटलांनी ते मोठ्याने वाचलं. "डबा तुमचा. कबूल. पण सोन्यावर नाव कोठी आहे?"

मी तणतणत आत गेले आणि लग्नाचा अल्बम आणून त्यांच्यापुढे आपटला. "हे पाहा! हातात पाटल्या आहेत का नाही?"

पाटलांनी फोटो पाहिला. मग मला पाहिलं. पुन्हा फोटो, पुन्हा मी. शेवटी त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "पाटल्या तं त्याच दिसते. पण ही पोरगी कोण?"

सारं अंगण हसलं. माझा नवराही! जो माणूस दुपारपासून माझ्या सोन्याच्या शोधात खाजवत होता, तो सब्बलीला टेकून हसत होता.

"मीच आहे ती!"

"मंग घालून दाखवा. ज्याचा दागिना, त्याच्या हातात बसन."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. पाटल्या सात-आठ वर्षं मी हातात घातलेल्याच नव्हत्या, आणि कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण आता माघार घेतली तर पाटल्या सरकारच्या! मी हात पुढे केला. पाटली अंगठ्याच्या सांध्याशी अडली.

"नाही बसत," पाटील म्हणाले.

"कशी नाही बसत!" सासूबाई पुढे झाल्या. कपडे धुवायचा साबण आला. मग जवसाचं तेल आलं. सासूबाईंनी माझा हात गुडघ्यात दाबून धरला आणि दुपारपासूनचा सगळा राग त्या चार पाटल्यांवर काढला. मी ओरडत होते. गाव मोजत होतं. "एक! दोन! तीन!" चौथी चढली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अंगणात टाळ्या पडल्या.

"बाईचंच सोनं आहे," पाटलांनी जाहीर केलं, आणि चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये जाऊन मुनीमजींची माफी मागितली. ते "ठीक है" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मला ते अजून लागतं. सासूबाईंचीही मागितली. त्या म्हणाल्या, "पुढच्या बारी लपवशील, तं मले सांगून लपव."

आणि नवरा? त्याने आठवडाभर दम धरला. मग एका सकाळी म्हणाला, "आता प्लॉटवाल्याची मुदत संपून राहिली. काढ त्या पाटल्या."

मी काढायला गेले. निघेनात! साबण झाला, तेल झालं, थंड पाणी झालं. गोंदियाचा सराफ म्हणाला, कापून काढाव्या लागतील. "मंग काप," नवरा म्हणाला. "आईच्या पाटल्या कापायच्या आधी हा माणूस काप," मी सराफाला म्हणाले. सराफाने दोघांनाही चहा पाजला आणि घरी पाठवलं.

पाटल्या हातातच राहिल्या, बयाणा बुडाला. तो प्लॉट दुसऱ्याने घेतला. आज तिथे तीन मजली इमारत आहे, खाली औषधाचं दुकान आहे, आणि दर वेळी तिथून जाताना मधुकरराव गाडीचा वेग कमी करतात.

हल्ली डॉक्टरांनी मला दहा किलो वजन कमी करायला सांगितलंय. नवरा रोज पहाटे पाचला मला फिरायला उठवतो, बायकोच्या तब्येतीची एवढी काळजी गावात दुसरं कोणी घेत नाही. मीही निमूट उठते, स्टँडपर्यंत चालत जाते आणि तिथे उभ्याउभ्या दोन गरम समोसे खाऊन परत येते. शेवटी सोनं सांभाळायचं म्हणजे बाईला एवढं तरी करावंच लागतं!