कुठला ग्वाड?

शेजारच्या काकांचं आयुष्य कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. आता ते इथं कोल्हापुरात लेकाकडे असतात आणि जुन्या बाजारातून खिशात मावणारे एमपीथ्री प्लेयर आणत असतात. दर रविवारी माझ्या डोळ्यांवर पंचा बांधून ते एकच गाणं दोन प्लेयरवर ऐकवतात. "कुठला ग्वाड हाय? नीट सांग की!" हा प्रश्न सगळ्या जिन्याला ऐकू जातो. उत्तर देताना मी पंचा काढायचा आणि त्यांच्याकडे तोंड करून बोलायचं, हा त्यांचा नियम. मला तो विक्षिप्तपणा वाटायचा.

परवा मी वैतागून म्हटलं, "काका, आज तुमची पाळी." त्यांचं नको नको चाललेलं असताना मी पंचा बांधला आणि इअरफोन त्यांच्या कानांत बसवले. गाणं अजून शोधतच होतो, तोवर काकांचं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागलं.

"ह्यो ग्वाड हाय!"

"काका, अजून लावलंच नाही."

ते पंच्याखाली हसतच होते.

"काका!" मी ओरडलो.

बोट थांबलं नाही.