रशियातला जमीनदार आणि आमचे आप्पा

"वाचनालयाची किल्ली आणून द्या," असा आप्पांचा निरोप त्यांचा मुनीम घेऊन आला, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

कळंबला मी ग्रंथपाल होतो. खोली आप्पांची. आडतीचे मोठे व्यापारी, जमीनही भरपूर. खोली गेली की वाचनालय गेलं. नव्या जागेसाठी तहसीलची इजाजत पुन्हा काढावी लागली असती, आणि निजामी अमलात चार माणसं एकत्र बसवायची इजाजत मागणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

झालं होतं असं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी संध्याकाळी मोठ्यानं वाचायचो. तेव्हा एक जुनी रशियन कादंबरी चालली होती. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मी मराठीत सांगायचो. त्या लोकांची नावं हातभर लांब, आणि एकेकाला तीन-तीन. ऐकणारे वैतागले. म्हणून नावं गाळून मी नुसतं जमीनदार, डॉक्टर, वकील म्हणू लागलो. तिथंच घोळ झाला. जमीनदार कंजूष, कुळांना छळणारा, पोराशी भांडणारा. गावानं ठरवूनच टाकलं, हे आप्पा!

आडतीवर गेलो. परोपरीनं सांगितलं, की पुस्तक माझ्या जन्माआधीचं आहे. प्रस्तावनेतच छापलंय, लेखकानं हा माणूस आपल्या शेजारच्या एका जमीनदारावरून घेतला. तो बिचारा कधीच मेला.

आप्पांनी तराजूवरची नजर वर केली. "म्हंजी लिव्हणारे शेजारच्याला धरूनच लिव्हतेत की. तुमी तर माज्या खोलीतच बसता."

कप्पाळ माझं! मीच दिलेला पुरावा माझ्याच गळ्यात पडला.

शेवटी म्हणालो, एकदा स्वतः ऐका, मग खुशाल किल्ली घ्या. आले. खांबाला टेकून रोज ऐकू लागले. मी घाम पुसत वाचायचो. जमीनदारानं पोराला घराबाहेर काढलं, त्या दिवशी आप्पांनी हात वर करून मला थांबवलं.

"ह्यो मी न्हाय," ते म्हणाले. "ह्यो आमचा वाशीचा व्याही. हुबेहूब."

किल्ली माझ्याकडंच राहिली. एवढ्यावर थांबावं की नाही माणसानं! पण नाही. त्यांनी व्याह्यांना मुद्दाम ऐकायला बोलावलं, आणि मला कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. घसा बसला माझा. व्याही मात्र मन लावून ऐकत होते. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, आमच्या आप्पाला लई बरूबर धरलंत. पर त्येंला सांगू नगा."

पुढं सगळी नोकरी पुस्तकांतच गेली. कादंबरीतल्या वाईट माणसात स्वतःला ओळखणारा वाचक मला अजून भेटायचाय.