एकगठ्ठा मंजुरी

सभा जेवणाआधी आटोपायची, हा डेलमर क्विस्टचा खाक्या. नेब्रास्कातल्या त्या गावात शाळा मंडळाचा अध्यक्ष म्हणून त्याची ख्यातीच तेवढी. किरकोळ विषयांचा गठ्ठा न वाचता एका दमात मंजूर करायचा आणि हातोडा आपटायचा. सोमवारीही तसाच आपटला. घरी कागद चाळताना अकरावा विषय दिसला: कर्णबधिर मुलांच्या दुभाषी बाईंचं पद रद्द.

सकाळी स्वतःलाच शिव्या हासडत तो शाळेत गेला. दारातच सहावीतली कर्णबधिर टिली आणि दुभाषी ओडेगार्डबाई भेटल्या. बाईंना पद गेल्याचं पत्र मिळालं होतं; टिलीला अजून काही ठाऊक नव्हतं. तिने खुशीत भराभर हात हलवले.

"ती म्हणतेय, 'विज्ञानात पहिली आले मी! बाईंमुळे!'" बाईंनी सांगितलं.

डेलमरची मान वर होईना. तो बाईंना पुटपुटला, "माफ करा हो. न वाचताच करून बसलो मी."

मुलीसमोर बोललेला शब्दन्‌शब्द तिला खुणांनी सांगायचा, हा बाईंच्या कामाचा नियम. त्यांनी तो पाळला. टिलीचं हसू थांबलं. तिने डेलमरकडे बघत हात हलवले.

"ती विचारतेय," बाई म्हणाल्या, "काय केलंत तुम्ही?"