हौसाबाईंची दहावी चिठ्ठी

पर्सच्या तळाशी बसची तिकिटं साठतात, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. एक दिवस पर्स उपडी केली की कळतं, केवढे झालेत!

शाळेतून रिटायर झाल्यावर मी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत मोठ्यांसाठी इंग्रजीचा क्लास सुरू केला. मंगळवार-शुक्रवार, दुपारी चार, क्लबहाऊस. फी नाही, परीक्षा नाही, गृहपाठ मात्र आहे. हातात वस्तू दिल्याशिवाय व्याकरण शिकवायचं नाही, ही माझी शाळेपासूनची खोड. सेक्रेटरींच्या मते नुसताच पसारा.

*

अनेकवचनाचा धडा होता. मी सांगितलं, एका पिशवीत एक वस्तू आणा, दुसऱ्या पिशवीत तीच पुष्कळ. कोणी चमचे आणले, कोणी पेनं. हौसाबाईंनी एका डब्यात एक भाकरी आणली आणि दुसऱ्यात चळत, सोबत ठेचा.

हौसाबाई मूळच्या हडपसरच्या. शेती गेली, मालक गेले, आणि त्या आमच्या बिल्डिंगमध्ये मुलाकडे राहायला आल्या. "वन भाकरी, मेनी भाकरीज," त्या खणखणीत म्हणाल्या आणि सगळ्यांना वाढायला लागल्या. धडा तिथेच थांबला.

शेवटी कुलकर्णींनी मिशी पुसत विचारलं, "बाई, अनेकवचन संपलं. आता एकवचनही वाढून घेऊ का?"

*

हे कुलकर्णी म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, आता इंग्रजी भाषेच्या काढतात. चाइल्डचं चिल्ड्रन होतं आणि शीपचं काहीच होत नाही म्हटल्यावर त्यांनी वही मिटली.

"म्हणजे आधी नियम करायचे आणि मग अपवाद पोसायचे. ही भाषा नाही बाई, आपली सोसायटी कमिटी आहे."

*

मग आलं 'कोणाचं' ते सांगायचं प्रकरण. नावाच्या शेवटी वरच्या अंगाला एक छोटी खूण, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, आणि पुढे एस. त्या खुणेला आमच्या क्लासने टिकली असं नाव ठेवलं. हौसाबाईंची टिकली नेहमी घसरून ओळीच्या खाली येई. मी शंभरदा वर लावून दिली, शंभरदा खाली आली. मग मीच नाद सोडला.

सरावासाठी क्लबहाऊसमधल्या पंख्यावर, घड्याळावर, खुर्च्यांवर आम्ही चिठ्ठ्या लावल्या: सोसायटीज फॅन, सोसायटीज क्लॉक. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींची सूचना भिंतीवर चिकटली, 'विनापरवाना भिंतीवर कागद चिकटवू नयेत.' कुलकर्णींनी शांतपणे तिच्याखाली चिठ्ठी लावली: 'सेक्रेटरीज पेपर'.

सेक्रेटरी आले, त्यांनी वाचलं, खिशातून पेन काढून चिठ्ठीवर 'परवानगी आहे' लिहून सही केली आणि निघून गेले. तेव्हापासून मला हा माणूस आवडतो.

*

त्यानंतरचा गृहपाठ मीच दिला होता, त्यामुळे पुढच्याला जबाबदार मीच. प्रत्येकाला दहा चिठ्ठ्या. घरातल्या दहा वस्तूंवर ज्याची वस्तू त्याचं नाव लिहून लावायचं.

कुलकर्णींनी टीव्हीपासून कपाटापर्यंत दहाही ठिकाणी 'कुलकर्णीज' लावलं आणि फिरायला गेले. परत आले तर दहाच्या दहा चिठ्ठ्या गॅलरीतल्या जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यावर! कुलकर्णीकाकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "तुमचं तेवढंच आहे. बाकीचं कोणाचं ते क्लासात विचारून या."

आम्ही पोट धरून हसलो. हसू ओसरलं तेव्हा दिसलं की हौसाबाईंच्या हातात एक चिठ्ठी उरली आहे. कोरी.

"टीव्ही ल्येकाचा, फ्रीज सुनेचा, सायकल नातीची. नऊ लावल्या बाई. माझं त्या घरात काय हाय? ही कशावर लावू?"

मग हौसाबाईंनी हळूच सांगितलं की दिवाळी झाली की हडपसरला दिराकडे जाऊन राहावं म्हणते. तिथे निदान विहीर तरी आपल्या ओळखीची आहे. मला एवढं वाईट वाटलं की पुढचा धडाच आठवेना. "नाव तर लिहा, मग बघू कशावर लावायची ते," एवढंच म्हणाले. त्यांनी जीव लावून लिहिलं, टिकली खाली घसरली, आणि चिठ्ठी कमरेच्या पिशवीत गेली.

*

दिवाळी झाली. दोन आठवडे हौसाबाई क्लासला आल्या नाहीत. कुलकर्णींनी त्यांच्या खुर्चीवर कोणाला बसू दिलं नाही, पण आम्ही सगळे मनातून समजलो होतो. त्यांच्या दाराची बेल वाजवायचा धीर मला झाला नाही.

एका सकाळी लिफ्टमध्ये त्यांची सून मनीषा भेटली. ती हडपसरच्याच एका आयटी पार्कात नोकरीला आहे, रोज दीड तासाचा प्रवास करते. खांद्याला बॅग, गळ्यात कंपनीचं कार्ड, केस ओले. मी भीत भीत विचारलं, "आई हडपसरला गेल्या का गं?"

"नाही हो बाई. छोटीला कांजिण्या आल्यात, म्हणून त्या घरीच असतात. शुक्रवारी पाठवते."

"मग नंतर जाणार आहेत का?"

मनीषाने गळ्यातलं कार्ड उलटं केलं. फोटोच्या मागच्या बाजूला सेलोटेपने एक चिठ्ठी पक्की चिकटवली होती. 'हौसाबाईज', टिकली ओळीच्या खाली.

लिफ्ट उघडली आणि ती बस पकडायला पळाली.