मायला मारलेल्या हाका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या देवीला नव्या उडदाचे वडे न्यायचे, ही आमच्या घरची रीत. बुलढाण्याजवळचाच डोंगर. नाव सांगत नाही, कारण त्या डोंगराशी मी अजून बोलत नाही. नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, मी नऊ-दहाची होते. आम्ही चौघं निघालो: बाबा, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठेबाबा, माय आणि मी. मोठीमाय गुडघ्यांमुळे घरी राहिली. ती आली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

पायथ्याशी एका मेंढक्यानं बजावलं, "बिबट फिरून राह्यला वर. कालच शेळी नेली. ऊन कलायच्या आत उतरा बरं."

दोघे भाऊ पुढे, मी मध्ये, माय सगळ्यात मागे. गवत माझ्या डोक्याएवढं वाढून वाळायला लागलेलं, कुसळं परकरात घुसायची. माथ्यावर शेंदूर लावलेला दगड, तीच देवी. नैवेद्य झाला, वडे खाल्ले आणि मग आम्ही कड्याकडे गेलो. तिथून जमीन एकदम खाली जायची. खाली मोताळ्याकडची गावं, कपाशीची शेतं, मलकापूरच्या बाजूला आगगाडीचा धूर आणि अगदी शेवटी सातपुड्याची निळी रेघ. बुलढाण्याला रेल्वे नाही, त्यामुळे त्या धुरावरून माझी नजर हटेना.

"आलीच मी," माय माझ्या कानाशी म्हणाली आणि मागच्या गवतात गेली. बाई अशी गेली की कशाला, हे विचारायचं नसतं. दोघे भाऊ पाठ करून सातपुडा पाहत राहिले. पण सातपुडा तरी माणूस किती वेळ पाहणार? धूर विरला, आमच्या सावल्या लांबल्या, माय काही आली नाही.

आधी बाबांनी मला पाठवलं. मी थोडी आत गेले, गवताशिवाय काही दिसेना, परत पळत आले. मग बाबांनी हाका सुरू केल्या. "अवं! कुठी हायेस वं?" उत्तर नाही. मोठेबाबा काठीनं गवत बाजूला करत फिरू लागले. मी "माय वं, माय वं" म्हणून गळा काढला. त्या बाजूलाही थोड्या अंतरावर कडाच होता. बाबा पोटावर झोपून खाली पाहायला लागले, तेव्हा मी मागून त्यांचा सदरा घट्ट धरला. ते उठले तर चेहरा पांढराफटक. खाली काही दिसलं नव्हतं, पण खाली झाडीच एवढी होती की काही दिसणारही नव्हतं. गवतात कुठेतरी खसखस झाली आणि मला तो बिबट दिसायलाच लागला. मी जे रडले, तसं पुन्हा कधी रडले नाही. ऊन पिवळं पडलं होतं.

मोठेबाबा मध्येच थांबले. मग बाबांना म्हणाले, "मी खाली जातो. माह्यासमोर तुही बायको बोलनार नाही."

"असं कसं, दादा! जिवावर बेतलं तं इथी रीत कोन पाह्यते?"

"ते पाह्यते," मोठेबाबा म्हणाले आणि निघाले. वडीलधारी माणसं घरात शिरताना खाकरतात, सुनांना कळावं म्हणून. मोठेबाबा उतरताना तसे मोठमोठ्यानं खाकरत गेले. आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला.

"अवो," गवतातून आवाज आला. "मी इथी हावो."

अगदी जवळून. बाबा दोनदा जिथून गेले होते, त्याच्या शेजारीच दगडांची एक घळ गवतानं झाकली गेली होती. माय तिच्यात पडली होती. घोटा सुजून टम्म झालेला, पाऊल भलतीकडे वळलेलं. कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, तो ओलाचिंब होता.

बाबा घळीत उतरले. "एवढ्या हाका मारल्या, आयकू नाही आल्या काय तुले?"

"आल्या ना. भासरे होते ना तिथी. त्याहीच्या पुढं कशी बोंबलू?" भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा.

मी तिच्या दंडाला धरून हलवलं. "मी रडून राह्यली होती, तेबी आयकू आलं?"

ती माझ्या परकरातली कुसळं काढायला लागली. "हाव," ती म्हणाली. "तेच जास्त आयकू आलं."

मी तिचा हात झटकून टाकला. ती सापडल्याचा आनंद मला झालाच नाही, नुसता संताप झाला. बाबांनी तिला पाठीवर घेतलं. उतरताना प्रत्येक धक्क्याला ती ओरडत होती, आणि मी मागून, मुद्दाम, एक शब्द न बोलता चालत होते. अर्ध्या उतारावर मोठेबाबा पाठमोरे उभे दिसले. मायनं हात लांबवून पदर पुढे ओढला, आणि तिथपासून घरापर्यंत तिच्या तोंडून आवाज निघाला नाही.