एक जूनची माणसं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा म्हणायचा, तुला देवळातल्या नंदीचाही जबाब घ्यावासा वाटतो. घेतला असता, काय बिघडलं? लातुरात वकील म्हणून बसून परदेशी जाणाऱ्यांच्या व्हिसाची कामं करायची तर ताकसुद्धा फुंकूनच प्यावं लागतं.

मी काम सुरू केलं तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. डाळीची गोदामं होती तिथं पोरींची वसतिगृहं उभी राहिली. इथं डॉक्टरकीला नंबर नाही लागला की पोरगं परदेशात धाडायचं, म्हणून क्लासच्या पाटीला खेटून एजंटाची पाटी. नांदेडच्या एका एजंटाची सगळीच्या सगळी पोरं नाकारली गेली. का, तर प्रत्येकाच्या अर्जात एकच कहाणी: आजोबा उपचाराविना गेले, तेव्हाच डॉक्टर व्हायचं ठरवलं. इतके आजोबा एकाच दुखण्यानं कसे गेले, असं तिकडच्या व्हिसा देणाऱ्या साहेबाला वाटलं असणार. मलाही वाटलंच असतं.

तेव्हापासून मी एक शिस्त लावून घेतली. तिकडची सरकारं दरसाल आकडे जाहीर करतात, कुठून किती अर्ज आले, किती नाकारले. ते काढायचे. नांदेड-हैदराबादच्या वकिलांना फोन करून कुणाचं काय झालं ते विचारायचं. आपल्याकडची नाकारलेली प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून बघायची. कुठल्या गोष्टीवर साहेबाचं डोकं फिरतंय हे कळलं की पुढचा अर्ज त्या बेतानं बांधायचा. आकड्यांचं एक असतं, दुखतं कुठं ते सांगतात. का दुखतं, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

असंच एकदा ध्यानात आलं की आमच्या भागातल्या नाकारलेल्या माणसांत एक जूनला जन्मलेली फार. मला हसू आलं. इथं अर्धा जिल्हा एक जूनचा! शाळा जूनमध्ये उघडायची. आई पोराला ओढत आणायची, मास्तर म्हणायचे, डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धर. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचं, जन्मतारीख एक जून. परदेशातल्या साहेबाला हे कोण सांगणार? त्याला वाटायचं, एकाच छापखान्यातले खोटे दाखले. मग मी अर्जासोबत मुख्याध्यापकाचा जबाब जोडायला लागले: खरी जन्मतारीख माहीत नसल्यानं प्रवेशाच्या वेळी एक जून नोंदवली. आणि नकार आटले. माझ्या वकिलीतली सगळ्यात मोठी अक्कल एवढीच, पण ती चालली.

मग ती आली. एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. त्र्याण्णवच्या भूकंपात आई, वडील, घर सगळं गेलेलं, लातुरात मामानं वाढवलेली. लग्न शेजारच्याच गावातल्या मुलाशी झालेलं, तो परदेशात नोकरीला. तिचा व्हिसा नाकारला होता. नवराही एक जूनचा, बायकोही एक जूनची. साहेबाला लग्नच बनावट वाटलं. एजंट तिला नवाकोरा जन्मदाखला आणून द्यायला निघाला होता, त्याला मी जिन्यावरूनच परत पाठवला. पण सासरी कुजबुज सुरू झाली होती. दुसऱ्यांदा नकार आला तर सोडचिठ्ठी घेऊ, पोराला दुसरी बघू. हे तिनं खाली मान घालून सांगितलं आणि मला सासरच्यांचा संताप आला.

काम सोपं वाटलं. भूकंपानंतर, मामानं तिला लातुरात न्यायच्या आधी, दोन्ही गावांची मुलं एकाच शाळेत घातली होती आणि तिथले मुख्याध्यापक हयात होते. मी एकटीच एसटीनं गेले. नव्या वसाहतीत सरकारनं बांधून दिलेलं पक्कं घर होतं, पण मास्तर शेजारच्या पत्र्याच्या खोलीतच राहायचे. स्लॅबखाली झोप लागत न्हाई, म्हणाले. तिच्या नवऱ्याबद्दलच्या जबाबावर त्यांनी चहा यायच्या आत सही केली. तिचा कागद वाचला, घडी घातली, परत दिला. पोरीला घेऊन या, एवढंच म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवायला उठले.

कुठंतरी पाणी मुरत होतं. एकावर सही होते, दुसऱ्यावर का नाही? काही हवंय की काय यांना? परतीच्या बसमध्ये माझं डोकं भलतीकडंच धावलं. भूकंपानंतर मदतीसाठी मेलेल्या लेकरांच्या नावावर दुसरी लेकरं उभी केली, अशा गोष्टी मी ऐकून होते. ही तीच पोर कशावरून? तिच्यासोबत यायचा तो मामा माझ्यासमोर कधी धड बोलला नव्हता, तेही आता खुपायला लागलं.

पुढच्या खेपेला तिला घेऊन निघाले आणि बसमध्ये आडून आडून विचारलं. आईचा चेहरा आठवतो का, घराचं दार कुठल्या बाजूला होतं. तिनं सरळ विचारलं, "मॅडम, तुम्हाला माझा संशय येतोय का?"

"मला सगळ्यांचाच येतो," मी म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत बसली.

मास्तरांनी तिला बघितलं. मग माझ्याकडे वळले. "बाई, खरी तारीख ठावं न्हाई असं मी कसं लिवू? मला ठावं हाय."

भूकंपाआधीच्या जूनमध्ये तिची माय नाव घालायला आली तेव्हा हटून बसली होती, म्हणाले. एक जून चालणार नाही, माझी लेक गणपती विसर्जनाच्या दिवशी झाली, तीच तारीख लावा. मास्तरांनी जुनं पंचांग काढून ती लावलीही. आणि त्याच वर्षी विसर्जनाच्या रात्री, मिरवणुकीहून येऊन माणसं दमून झोपली असताना, भूकंप झाला. शाळा पडली, कागद मातीत गेले. पत्र्याच्या शेडमध्ये नवं रजिस्टर लिहायला घेतलं तेव्हा ही समोर उभी होती, डोक्याला पट्टी बांधलेली.

"ज्या विसर्जनाला माय गेली, तोच दिवस हिच्या नावाम्होरं जल्मभर ठेवू का? म्हनून एक जून लावली. एकदा खोटं लिवलंय, बाई. दुसऱ्यांदा लिवाया लावू नका."

मला स्वतःचीच लाज वाटली. पण भीतीही वाटली. माहीत नव्हतं म्हणून एक जून, हे साहेबाच्या गळी उतरतं. माहीत असून दुसरी लिहिली, हे वाचून तो फाईल मिटणार, कारण तो आणि मी एकाच माळेचे मणी. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. नेहमीचा मजकूर दुसऱ्या कुणा जुन्या शिक्षकाकडून घेता येईल, तेच सुरक्षित, असंही सांगितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "मास्तर सांगतात तेच लिहा, मॅडम. आईनं माझ्यासाठी भांडण केलं होतं, ते तरी कुठंतरी लिहिलेलं राहील."

मास्तरांच्याच शब्दांत जबाब लिहिला. मी फक्त भाषांतर केलं, एक शब्द वाढवला नाही. निकाल येईपर्यंत जेवण गोड लागलं नाही मला. व्हिसा मिळाला. साहेबाला काय वाटलं, ते कुठल्याच आकड्यात सापडायचं नाही.

पुढच्या विसर्जनाला तिचा फोन आला. आधी आईचं पान वाढलं, म्हणाली, मग ह्यांनी केक आणला. मी म्हटलं, मास्तरांनाही सांगते, बरं वाटेल त्यांना.

"नको मॅडम, त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना मी एक जूनलाच फोन करते. वाढदिवस आहे, आशीर्वाद द्या म्हणते."