सरांनी माझी हमी घेतली

मी कर्वेनगरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच ते मला ऐकू यायचं. "अय्या, तुम्ही मुसलमान? वाटत नाही हो अजिबात!" हे कौतुक असतं, आणि कौतुकाला हसून मान डोलवायची असते, हे मी लवकर शिकले.

आमचं घर भवानी पेठेत होतं. अब्बा पुस्तकं बांधायचे. शाळांच्या, वाचनालयांच्या फाटक्या पुस्तकांचे ढीग घरी यायचे, आणि खळ वाळेपर्यंत ती पुस्तकं आमची असायची. अशाच एका ढिगात मला ती कादंबरी भेटली. जुनी, स्वातंत्र्याच्या आधीची. नाव सांगायचं कारण नाही. नदीकाठचं एक गाव असतं. गावात पटकीची साथ येते आणि माणसं पटापट मरायला लागतात. नदीच्या पलीकडे एक नावाडी एकटा राहत असतो, परजातीचा. त्यानेच पाण्यात काहीतरी कालवलं, असं गाव ठरवून टाकतं. सगळे काठ्या घेऊन निघतात, तेव्हा शाळेतले मास्तर चावडीसमोर आडवे उभे राहतात. दगड खातात, शाळा गमावतात, पण हटत नाहीत.

ती वाचून मी ढसाढसा रडले होते. मोठेपणी आपण मास्तर व्हायचं, हे मी तिथेच ठरवलं. त्या गावात माझं घर असतं तर ते नदीच्या पलीकडच्या काठावर असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

कॉलेजात आमचे विभागप्रमुख होते, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. ही कादंबरी म्हणजे सरांचा प्राण. मास्तरांचं चावडीवरचं भाषण ते वर्गात असं वाचत, की मागच्या बाकावरची टगी मुलंसुद्धा नाक ओढायला लागत. गावोगावच्या व्याख्यानमाला त्यांना त्या एका विषयासाठी बोलवत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. माझ्या मुलाखतीच्या वेळी समितीतला एक जण कुजबुजला होता, "मराठी शिकवायला... ह्या?" तेव्हा सरांनीच त्याला गप्प केलं होतं. पुढे काही वर्षांनी सरांनी त्यांच्याकडचा निम्मा अभ्यासक्रम माझ्याकडे दिला, त्यात ती कादंबरीही होती. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

अब्बा गेले आणि घरी मी आणि अम्मी दोघीच उरलो. अम्मीचे गुडघे गेले होते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा. मी सकाळी दोन बस बदलून कॉलेजात पोचायची, ते संध्याकाळपर्यंत अम्मी एकटीच. एकदा ती मोरीत पडली आणि दुपारभर तशीच पडून राहिली. मी डिपार्टमेंटमध्ये हे सांगितलं तेव्हा सर लगेच म्हणाले, "अहो, मग इकडे या की राहायला! आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे. मी मालकांशी बोलतो."

मालक खराडीचे. त्यांच्या शेतावर आयटी पार्क उभा राहिला होता आणि आलेल्या पैशातून त्यांनी शहरभर फ्लॅट घेऊन ठेवले होते. मी भीत भीत माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मला काय करायचंय मॅडम? तुम्ही मास्तरीण हाय, भाडं येळेवर द्याल. बास की." इतकं सोपं असतं, हे ऐकून मला बसमध्ये रडू आलं. मी अम्मीला फ्लॅट दाखवून आणला. मागच्या बाजूला वीतभर मोकळी जागा होती. तिथे पुदिना लावायचा, असं तिने जागच्या जागी ठरवलं.

मग सरांचा फोन आला. "थोडी कुजबुज चालू आहे. काळजी करू नका. रविवारी मीटिंग आहे, तुम्ही पाच मिनिटं येऊन बसा. लोकांना दिसू दे, तुम्ही कोण आहात ते."

मी गेले. आता विचार करते तेव्हा वाटतं, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमालासुद्धा मी इतकी जपून साडी निवडली नव्हती. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मला मधोमध बसवलं. पुण्यात अपमान आरडाओरडा करून करत नाहीत. 'अहो-जाहो' करून करतात. सेक्रेटरी अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल व्यक्तिशः कुणाचंच काही म्हणणं नाही. आपण विदुषी आहात. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"कुठल्या तत्त्वाचा?" मी विचारलं.

"म्हणजे आज एक आले, की उद्या पाहुणे, परवा आणखी कुणी. शेवटी प्रत्येकाचे संस्कार वेगळे असतात. वासाचाही प्रश्न असतो."

माझ्या शेजारच्या काकू झुकून म्हणाल्या, "तुमचं मराठी काय गोड आहे हो! अगदी आपल्यासारखं." मी हसून मान डोलवली.

तेवढ्यात सर उठले. मी त्यांना वर्गात, सभागृहात बोलताना ऐकलं होतं, पण त्या दिवशी ते जितके चांगले बोलले तितके कधीच नाही. "आपण सुशिक्षित म्हणवतो आणि एका विधवा आईला आणि तिच्या लेकीला छप्पर नाकारतो? लाज वाटली पाहिजे आपल्याला!" त्यांचा आवाज कापत होता. काही माना खाली गेल्या. मला चावडी दिसली, मास्तर दिसले. मनात म्हटलं, बाई गं, हे पुस्तकाबाहेरही घडतं.

आणि मग सर पुढे म्हणाले, "ह्या बाई तशांपैकी नाहीतच. ह्यांना ज्ञानोबा-तुकोबा मुखोद्गत आहेत. ह्यांच्या घरात मांसमच्छी शिजणार नाही, सणाला नातेवाइकांची गर्दी होणार नाही, ह्यांच्या मातोश्री बुरखा घालून जिन्यात उभ्या राहणार नाहीत. ह्या सगळ्याची हमी मी घेतो. मी, वैयक्तिक!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, "सरांनीच हमी घेतली म्हटल्यावर आमचं काय?" चहा आला. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला कुणी काही विचारलं नाही. टाळ्या ज्या बाईसाठी पडल्या तिचा त्या संभाषणाशी काही संबंध आहे, असं त्या पार्किंगमध्ये कुणाला वाटलं नाही. मीसुद्धा चहा घेतला.

घरी येऊन अम्मीला सगळं सांगितलं. घरात आमची दखनी आणि मराठी यांची सरमिसळ चालायची, पण राग आला की अम्मी शुद्ध मराठीत बोलायची. तिने शांतपणे विचारलं, "ईदला शीरखुर्मा चालेल का? का त्यालाही मीटिंग?"

"शीरखुर्मा चालेल बहुतेक."

"आणि तुझा मामा मिरजेहून आला तर? त्याला काय सांगू, बाबा, दाढी काढून ये, सरांनी हमी दिलीय?" मी साडीच्या पिना काढत राहिले. ती म्हणाली, "गुडघे गेलेत माझे. मान शाबूत आहे. मी नाही यायची."

दुसऱ्या दिवशी मी सरांना नकार कळवला. त्यांना आधी कळेचना. "अहो, पण मंजूर झालंय!"

"सर, आम्ही घरी काय शिजवायचं, हे तुम्ही मला न विचारता कसं सांगितलंत?"

"तो डावपेच होता! तत्त्वासाठी थोडी तडजोड करावी लागते. मी तुमच्यासाठी सगळ्या सोसायटीशी वाकडं घेतलं, आणि तुम्ही..." त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना खरोखरच दुखलं होतं. माझ्यापेक्षा जास्त दुखलं असावं, कारण मला सवय होती.

मालकांचा मात्र फोन आला. "मॅडम, तुम्ही या बिनधास्त. माझा फ्लॅट हाय, कोण आडवतंय बघू." तो माणूस मनापासून बोलत होता. पण अम्मीने दिवसभर एकटीने ज्यांच्यात राहायचं ते लोक तिच्या पातेल्याचा वास घेत बसणार होते. मी मालकांचे आभार मानले आणि नाही म्हटलं. पुढे त्यांनी तो फ्लॅट आयटीतल्या चार मुलांना दिला. ती मुलं शनिवारी गच्चीवर बिअर आणि तंदुरी घेऊन बसत. त्या वासाचा प्रश्न कधी मीटिंगमध्ये आल्याचं ऐकलं नाही.

इथवर झालं असतं तर मी विसरलेही असते. पण त्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत सरांचं त्याच कादंबरीवर भाषण होतं. आम्ही सगळे प्राध्यापक गेलो होतो. सभागृह भरलेलं. सर नेहमीसारखे चावडीपर्यंत आले, थांबले, आणि म्हणाले, "मित्रहो, अशी चावडी परवा माझ्याही वाट्याला आली." आणि त्यांनी ती मीटिंग सांगितली. नाव घेतलं नाही, पण 'एक मुस्लिम प्राध्यापिका' म्हटल्यावर आमच्या रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सरांनी गोष्ट टाळ्यांपाशी संपवली. माझा नकार त्यात नव्हता. श्रोत्यांमधल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. त्यांच्या मते मी एव्हाना त्या फ्लॅटमध्ये सुखाने राहत होते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभी राहिले. मी म्हणाले, "सर, ही कादंबरी मी तुमच्याकडूनच शिकले. काल रात्री पुन्हा वाचली. त्यात मास्तर पानंच्या पानं बोलतात. नावाडी सगळ्या पुस्तकात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन 'होय मायबाप' अशी आहेत. मास्तरांनी गावाला सांगितलं, की हा तसल्यांपैकी नाही. नावाड्याला कुणी विचारलं का, की तसले म्हणजे कोण? आणि शेवटी तो कुठे गेला? लेखकाने सांगितलं नाही, आपणही कधी वर्गात विचारलं नाही. ती प्राध्यापिका मी आहे. मी त्या घरात राहायला गेले नाही. सरांनी हमी दिली होती की मी माझ्यासारखी राहणार नाही. अशा अटीवर मला घर नको होतं."

सर माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. लहान मुलाला भर बाजारात थप्पड बसावी तसा चेहरा झाला होता. क्षणभर वाटलं, आता ते काहीतरी खरं बोलतील. पण अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "भगिनींच्या भावना आपण समजू शकतो. वेळेअभावी आपण आता आभारप्रदर्शनाकडे वळू."

त्यानंतर कुणी मला त्रास दिला नाही. म्हणजे, त्रास दिला असं म्हणायची सोयच ठेवली नाही. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात कादंबरीचे तास माझ्या नावावर नव्हते. मला व्यावहारिक मराठी दिलं: अर्जलेखन, इतिवृत्त, निमंत्रणपत्रिका. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "त्या विषयात तुम्ही फार गुंतलेल्या आहात, वस्तुनिष्ठता राहत नाही." सर निवृत्त होईपर्यंत मला रोज नमस्कार करत. नमस्कारापलीकडे एक शब्द नाही. एक सहकारी बाई स्वच्छतागृहात हात धुता धुता म्हणाल्या, "बरं बोललात हो त्या दिवशी." बाहेर आल्यावर त्या डबा खायला नेहमीच्या टेबलाशी गेल्या. तिथली माझी खुर्ची कुणीतरी दुसऱ्या टेबलाला लावली होती.

शेवटी आम्ही कोंढव्यात, मुसलमान वस्तीत, घर घेतलं. इमारतीला लिफ्ट होती, अम्मी खुश होती. तिथेही लोकांना माझ्याबद्दल प्रश्न होतेच: लग्न का नाही केलं, डोक्यावर ओढणी का नाही, मराठीच का शिकवते. पण मांस शिजतं का, असं कुणी विचारलं नाही. मला कॉलेजला जायला आता तीन बस लागत. डिपार्टमेंटमध्ये नवीन आलेला एक तरुण प्राध्यापक एकदा अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तुम्ही लोक सगळे तिकडे एकत्रच का राहता? मिसळत का नाही?" त्याला सगळं सांगायला एक तास पुरला नसता. मी म्हटलं, "बस सोयीची पडते."

अम्मी त्याच घरात गेली, झोपेत. कॉलेजातून दोघं जण भेटायला आले, हे मला मानायलाच हवं. बाकीचे आले नाहीत. दोघं सोफ्याच्या कडेला टेकून बसले. वय काय होतं, आजार काय होता, असं सगळं रीतसर विचारून झालं. मग त्यातले एक जण खिडकीकडे पाहत म्हणाले, "इकडे कधी यायचा प्रसंगच आला नव्हता. स्कूटर खाली रस्त्यावरच लावलीय. चालेल ना? म्हणजे, सुरक्षित आहे ना?"

माझ्या शेजारचे चाचा जनाजा उचलून नुकतेच परतले होते, डोळे सुजलेले होते. त्यांनी ते ऐकलं. ते खाली गेले आणि पाहुण्यांचा चहा होईपर्यंत स्कूटरपाशी उभे राहिले.